घरबसल्या कामाचा शोध : नवशिक्यांसाठी एक आढावा

चाळीतल्या एका खोलीत लहान मूल सांभाळणारी, दहावी-बारावीपर्यंत शिकलेली गृहिणी, अनुभव नाही म्हणून प्रत्येक मुलाखतीतून परत पाठवला जाणारा पदवीधर, रोजचा प्रवास शरीराला न झेपणारा अपंग तरुण आणि निवृत्तिवेतनाचा आधार नसलेला, परंतु हात व बुद्धी शाबूत असलेला वृद्ध, या साऱ्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो : घरी बसून करता येईल आणि फारशा पूर्वतयारीवाचून हाती घेता येईल असे चार पैसे मिळवून देणारे काम कोठे मिळेल? या प्रश्नाला उत्तर म्हणून कामांच्या याद्या मुबलक मिळतात. परंतु काम देणारा कोण, कामाचे मोल कोणत्या मापाने ठरते, नापास ठरलेल्या मालाचे नुकसान कोणाच्या माथी बसते आणि वर्षभराने ते काम करणाऱ्याला काही अधिक येऊ लागलेले असते काय, या चार गोष्टींविषयी त्या याद्या बहुधा काहीच सांगत नाहीत. माझ्या मते काम सोपे की अवघड यापेक्षा या चार प्रश्नांची उत्तरेच नवशिक्याचे हिताहित ठरवतात, आणि म्हणून महाराष्ट्रात आज उपलब्ध असलेल्या गृहकामांचा हा आढावा त्याच चार कसोट्यांवर घेतला आहे.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील हजारो कर्मचारी घरी बसून काम करू लागले. परंतु त्यांची केवळ बसण्याची जागा बदलली होती. त्यांचे मासिक वेतन, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी पूर्ववत चालू होता. ज्याला अद्याप कोणीच नोकरीवर घेतलेले नाही, त्याच्या वाट्याला येणारे गृहकाम बहुतांशी नगावर, पानावर किंवा तासावर मोजले जाते. त्याला हजेरीपट नसतो आणि आजारपणाच्या दिवसाचा मोबदलाही नसतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाची परंपरा आपल्याकडे संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचे अनुभव आजच्या नवशिक्यालाही उपयोगी पडण्यासारखे आहेत.

नगावरच्या कामाचा धडा

सोलापूर आणि सिन्नर ही बिडी उद्योगाची जुनी ठाणी. कारखाना असा शब्द प्रचारात असला तरी बिडी वळली जाते ती घराच्या ओसरीवर. भिजवून मऊ केलेले तेंदूपान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान वळून दोऱ्याने बांधायचे, टोके मुडपायची आणि पंचवीस-पंचवीसचे कट्टे करून कारखान्यात नेऊन द्यायचे, हा क्रम मुली आईच्या शेजारी बसून नकळत शिकतात; त्यामुळे नवशिक्याला याहून सुलभ प्रवेश क्वचितच कोणत्या धंद्यात असेल. परंतु मजुरी हजार बिड्यांमागे ठरते, पाने निकृष्ट निघाली तरी ठरलेला आकडा भरून द्यावाच लागतो आणि तपासनिसाने छाटलेल्या बिड्यांचे पैसे हाती येत नाहीत. दिवसभर मान खाली घालून आणि तंबाखूची धूळ छातीत घेऊन वीस वर्षे काम केलेल्या बाईचे कौशल्य दुसऱ्या वर्षी होते त्याहून फारसे वाढलेले नसते, आणि वाढले तरी त्याला निराळा दर नसतो.

असे असूनही या बायकांची स्थिती इतर गृहकामगारांहून एका बाबतीत बरी झाली, आणि ती कायद्यामुळे व संघटनेमुळे झाली. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणारीलाही कामगार मानले, आणि कच्च्या मालाचा पुरवठा व छाटलेला माल यांवरून होणारे तंटे सोडवण्याची तरतूद त्यातच केली. १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा आला आणि ओळखपत्राच्या आधारावर दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती व घरकुलाचे साहाय्य मिळण्याची वाट मोकळी झाली. सोलापूरजवळ कुंभारी येथे नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून बिडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. घरात बसून केलेल्या श्रमाची नोंद एकदा सरकारदरबारी झाली म्हणजे काय काय साधू शकते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

बिडीच्या जोडीला पापड ठेवून पाहिला म्हणजे व्यवस्थेचा फरक अधिक स्पष्ट होतो. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटावयास घेतले आणि त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था जन्मास आली. आरंभीच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्रीचा सन्मान मिळाला. येथेही मोबदला केलेल्या मालावरच ठरतो, मात्र तो नगाऐवजी वजनाने. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून तपासून घ्यायचे. परंतु पीठ संस्थेचे, मसाल्याचे प्रमाण संस्थेने ठरवलेले, बाजारपेठ संस्थेने मिळवलेली आणि लाटणारी प्रत्येक भगिनी त्या संस्थेची मालकीण. नफ्याचा वाटा तिलाच मिळतो आणि तोट्याची झळही सर्वांना सारखीच लागते. पापड लाटणे हे बिडी वळण्याइतकेच साधे काम असून त्याचे फळ इतके निराळे निघावे, याचे कारण कामाच्या स्वरूपात सापडत नाही. ते मालकीत सापडते.

स्वयंपाकघरातील उद्योग

अन्नाचा उद्योग हा मराठी स्त्रीच्या हातचा सर्वांत जवळचा उद्योग, आणि त्यालाही मोठा पूर्वेतिहास आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या गिरणीकामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका किराणा भरण्यासाठी सावकाराच्या जबर व्याजाखाली दबलेल्या असत. त्यांना संघटित करून बँकेच्या कर्जाची वाट दाखवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. आज खानावळीची जागा डब्याने, दिवाळीच्या फराळाने, पुरणपोळीने आणि उन्हाळी वाळवणांनी घेतली आहे; फराळाची पाकिटे तर कुरिअरने अमेरिकेतील मराठी घरांपर्यंत जातात. येथे भांडवल थोडे लागते, हातची कला आधीपासून असते आणि पहिले गिऱ्हाईक शेजारीच सापडते. या दृष्टीने नवशिक्याला हा मार्ग अनुकूल आहे, यात शंका नाही.

मात्र ज्या ठिकाणी हा उद्योग बुडतो ते ठिकाण हिशेबाचे आहे. उदाहरणादाखल शंभर पुरणपोळ्यांची एक मागणी कल्पून पाहू. पोळी ३० रुपयांस विकली, डाळ, गूळ, कणीक आणि तूप मिळून पोळीमागे १२ रुपये, इंधनाचे २ आणि वेष्टनाचे २ असा खर्च धरला, तर १४ रुपये उरतात, म्हणजे शंभर पोळ्यांचे १,४०० रुपये. डाळ निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत दोघींचे आठ-आठ तास गेले असतील, तर तासाला सुमारे ८७ रुपये पडले. याच पोळ्या घरपोच पोचवणाऱ्या कंपनीमार्फत विकल्या आणि तिने विक्रीच्या रकमेतून शेकडा २५ कापून घेतले, तर पोळीमागे साडेसहा रुपये आणि तासाला ४० रुपये हाती येतात. अनेक घरांत आपल्या तासांची किंमत हिशेबात धरलीच जात नाही. विकून आलेली सारी रक्कम मिळकत समजली जाते आणि वर्षअखेर अंगावर केवळ थकवा उरतो. म्हणून नवशिक्या गृहिणीने पहिली वही पाककृतीची न घालता जमाखर्चाची घालावी. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली घरगुती विक्रेत्यालाही नोंदणी आवश्यक आहे. अल्प उलाढालीसाठी तिची फी नाममात्र असते आणि त्या नोंदणीमुळे दुकानदार व कार्यालये यांच्याकडे माल देण्याचा मार्ग खुला होतो. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी तर पूर्णतः विनामूल्य आहे. ती करून देतो म्हणून रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी कोणी लागू नये.

शिकवणी आणि शिवण

शिकवणी हे मध्यमवर्गीय घरातील सर्वांत जुने आणि आजही सर्वांत विश्वसनीय गृहकाम होय. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शिक्षकाला खासगी शिकवणी करण्यास मनाई केलेली आहे. त्यामुळे प्राथमिक वर्गांच्या मुलांना पाढे, शुद्धलेखन आणि इंग्रजी वाचन शिकवणारी पदवीधर गृहिणी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी यांना वाव मोठा आहे. येथे फी दरमहा ठरते, ती पालक समोर येऊन देतात, मध्ये मुकादम नसतो आणि पाचवीच्या दोन मुलांपासून आरंभ करणारी व्यक्ती दोन-तीन वर्षांत शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीपर्यंत सहज जाऊ शकते. आपल्या चार कसोट्यांपैकी चारही कसोट्यांना उतरणारे हे काम असूनही ते याद्यांच्या तळाशी ढकलले जाते, याचे मला वाईट वाटते.

शिवणकामात पिको-फॉल हा प्रवेश आणि ब्लाऊज ही खरी परीक्षा. कापडाच्या दुकानातून नगावर आणलेल्या साड्यांना फॉल लावून हात बसतो. परंतु तेथेच थांबणारी बाई बिडीच्याच चक्रात अडकते, आणि माप घेऊन कापड बेतावयास शिकलेली बाई स्वतःचा दर स्वतः सांगू लागते. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंप्यांचा समावेश असून तीत प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले आहे. मात्र ती योजना हाताने व्यवसाय करीत असलेल्यांसाठी आहे, ज्याने सुईच हाती घेतलेली नाही त्याच्यासाठी नव्हे.

अक्षरांचे आणि आवाजाचे काम

घरबसल्या टंकलेखन हा शब्दप्रयोग ऐकताच सुशिक्षित नवशिक्याचे कान टवकारतात, आणि फसवणूक करणाऱ्यांचेही. खरे काम या क्षेत्रात आहे, पण ते मिळण्यासाठी कौशल्याचा पुरावा लागतो. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखनाच्या परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या गतीने होतात. मराठीची ४० ची परीक्षा उत्तीर्ण झालेला, युनिकोडमध्ये सफाईने लिहिणारा आणि जुन्या श्रीलिपीतील मजकूर नव्या पद्धतीत आणू शकणारा माणूस प्रकाशकांना, वकिलांना आणि प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना आजही हवा असतो. त्याहून एक पायरी वर मुद्रितशोधन आहे. १९६२ ची मराठी लेखनविषयक नियमावली आणि तिच्यातील नंतरची भर ज्याने मनापासून आत्मसात केली, 'कि' आणि 'की', 'आणी' आणि 'आणि' यांतील चूक ज्याच्या नजरेतून सुटत नाही आणि लेखकाचे वाक्य न मोडता त्यातील दोष जो दूर करू शकतो, त्याला पानावर मोबदला मिळतो आणि प्रत्येक पुस्तकागणिक त्याचे ज्ञान वाढते. पहिले काम मिळवण्याचा मार्गही सरळ आहे : स्थानिक दिवाळी अंकाच्या किंवा छोट्या प्रकाशकाच्या संपादकास भेटून त्याच्याच छापील पानांवर शोधून दाखवलेल्या चुका ही कोणत्याही प्रमाणपत्राहून मोठी शिफारस ठरते.

अलीकडे यंत्रांना भाषा शिकवण्यासाठी आवाज नोंदवणे, चित्रांना नावे देणे आणि ध्वनिमुद्रण ऐकून लिहून काढणे, ही नवी गृहकामे आली आहेत. बंगळूरच्या कार्या या संस्थेसारख्या काहींनी साध्या मोबाईलवर मराठीसह भारतीय भाषांत वाक्ये वाचून नोंदवण्याचे काम ग्रामीण लोकांपर्यंत नेले. बोलीच्या उच्चारालाच येथे मूल्य असल्यामुळे कोल्हापूरची किंवा बुलढाण्याची नित्याच्या बोलण्यातली मराठी हेच भांडवल ठरते, ही गोष्ट खरोखर आनंदाची आहे. तथापि ही कामे येतात आणि संपतात. प्रकल्प पुरा झाला की मिळकत थांबते. ती पूरक उत्पन्न म्हणून घ्यावीत, त्यांच्या भरवशावर घरभाडे ठरवू नये.

याखेरीज बचत व विमा यांच्या प्रतिनिधीची कामे पूर्णतः घरबसल्या नसली तरी घराच्या वेळेशी जुळणारी आहेत. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवी गोळा करणाऱ्या स्त्रियांसाठीची महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना शेकडा ४ कमिशन देते आणि प्रतिनिधीची नेमणूक जिल्ह्याच्या अल्पबचत यंत्रणेमार्फत होते. आयुर्विमा महामंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या विमा सखी योजनेत दहावी उत्तीर्ण स्त्रीला पहिल्या वर्षी दरमहा ७,००० रुपये, पुढे ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये असे विद्यावेतन ठेवले आहे. त्याला ठरावीक विमे मिळवण्याच्या अटी आहेत, आणि त्या वाचूनच सही करावी. तरीही शिकण्याच्या काळाचा भार शिकणाऱ्यावर न टाकता संस्थेने उचलावा, हे त्यामागील तत्त्व स्वागतार्ह आहे.

फसवणुकीची ठरलेली पद्धत

प्रवेश जितका सोपा, तितकी उमेदवारांची गर्दी दाट, आणि जेथे गरजूंची गर्दी तेथे ठक येणारच. त्यांच्या पद्धती फार नाहीत. पहिली पद्धत अशी की नामांकित पेन्सिल कंपनीच्या नावाने घरी पाकिटे भरण्याचे काम आणि दरमहा तीस हजारांचे आमिष दाखवायचे, मग नोंदणीचे, ओळखपत्राचे आणि माल पाठवण्याचे पैसे हप्त्याहप्त्याने उकळायचे. पेन्सिली कधीच येत नाहीत. दुसरी अधिक क्रूर आहे. मजकूर टंकित करण्याचे काम देऊन करारावर सही घेतात, आठवडाभराचे श्रम अचूकतेच्या अशक्य अटीवर नापास ठरवतात आणि करारभंगाबद्दल दंड भरा, अन्यथा न्यायालयात खेचू, अशी वकिलाच्या नावाची नोटीस पाठवून तगादा लावतात. अशा नोटिशीच्या भीतीने दागिने गहाण टाकण्याची पाळी गरीब घरांवर येते. त्यांना हे ठामपणे सांगितले पाहिजे की अशी धमकी आल्यास रक्कम न भरता सरळ पोलिसांकडे जावे. तिसरी पद्धत टेलिग्रामवरची : चित्रफितीला पसंती देण्याचे दीड-दोनशे रुपये प्रथम खरोखर जमा होतात, विश्वास बसतो, आणि मग मोठ्या कामासाठी आगाऊ रक्कम भरावयास सांगतात. चौथी पद्धत म्हणजे कमिशनच्या लोभाने आपले बँकखाते दुसऱ्याला वापरावयास मागणे. त्यातून गेलेल्या चोरीच्या पैशाचा जाब अखेर खातेदारालाच द्यावा लागतो.

या सर्वांवर एकच कसोटी पुरेशी आहे. परीक्षेची फी परिषदेला आणि अन्ननोंदणीची फी सरकारला देणे वेगळे. परंतु जो काम देतो, तो काम देण्याबद्दल पैसे मागत असेल, तर तेथे काम नाही असेच समजावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वीच गोठवली जाण्याची शक्यता असते. फसलेल्या माणसाने लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.

नोंद आणि दर

कायद्याच्या बाजूने चित्र अपुरे आहे. १९७२ मध्ये इला भट्ट यांनी अहमदाबादेत स्थापन केलेल्या सेवा या संघटनेने गृहकामगारांचा प्रश्न जगाच्या व्यासपीठावर नेला, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये गृहकामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात गृहकामगाराची व्याख्या आली, ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली, आणि ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू झाली. व्याख्या आणि नोंदणी या आवश्यक पायऱ्या आहेत. परंतु फॉल लावणाऱ्या किंवा अगरबत्ती वळणाऱ्या बाईला नगामागे किमान किती मिळावे, हे सांगणारा फलक तिच्या वस्तीत कोठेही लागलेला नसतो. दर ठाऊक नसलेला नवशिक्या पहिल्या मागणीला होकार देतो, आणि त्याने स्वीकारलेला दर हळूहळू साऱ्या वस्तीचा दर होऊन बसतो. ही हानी त्याच्या एकट्याची नसते.

तेव्हा या आढाव्याचा निष्कर्ष असा. शिकवणी, स्वतःच्या हिशेबाने चालवलेला अन्नोद्योग, बेतकामापर्यंत नेलेले शिवण आणि मुद्रितशोधन ही कामे नवशिक्याला खऱ्या अर्थाने अनुकूल आहेत, कारण त्यांत दर ठरवण्याची शक्ती कालांतराने करणाऱ्याच्या हाती येते. नगावरची कामे आरंभ म्हणून घ्यावीत, पण एकट्याने घेऊ नयेत. चार-सहा जणींचा बचत गट करून माल आणला तर छाटलेल्या मालाबद्दल जाब विचारता येतो आणि दरही मागता येतो. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे, उमेद अभियानाचे गट गावोगाव आहेत, जिल्ह्यांत कौशल्य व रोजगार मार्गदर्शन केंद्रे आहेत आणि ग्रंथालयांचे जाळेही आहे. या यंत्रणांनी प्रत्येक तालुक्यात गृहकाम देणाऱ्यांची पडताळलेली नोंदवही ठेवावी, चालू दरांचा तक्ता दर तिमाहीस दारावर लावावा आणि शिकण्याच्या पहिल्या तीन महिन्यांस विद्यावेतन द्यावे. यासाठी नवे खाते उघडण्याची आवश्यकता नाही. असलेल्या कारकुनाला एक नवी वही आणि तिची जबाबदारी द्यावी लागेल. तोपर्यंत प्रत्येक नवशिक्याने काम हाती घेण्यापूर्वी दर लेखी मागावा, बिघाडाचा भार कोणावर हे विचारावे आणि हे काम मला पुढे काय शिकवील याचे उत्तर स्वतःशी द्यावे. ही तीन उत्तरे मिळाली तर साधे कामही प्रतिष्ठेचे होते. ती मिळाली नाहीत, तर मोठ्या आमिषाच्या कामालाही निःशंकपणे नकार द्यावा.